आजी, उपवास कोणता करता?

आषाढी एकादशीचा दिवस. दुपारी साडेतीनच्या सुमारास आमच्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागातून निरोप आला, म्हणून खाली गेलो. त्रेसष्ट वर्षांच्या आजी खाटेवर होत्या. कपाळाला बुक्का, गळ्यात तुळशीची माळ, अंग घामानं थबथबलेलं. हाक मारली तर नुसतं कण्हत होत्या. मुलानं रिक्षात घालून आणलं होतं. आईला अर्धांगाचा झटका आलाय, अशी त्याची खात्री होती. सिस्टरनी बोटाला टोचून साखर बघितली. 34. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर पाच-सात मिनिटांत आजींनी डोळे उघडले, पदर सावरला आणि पहिला प्रश्न विचारला, "मला कायबाय पाजलं तर न्हाई ना? माजी एकादस हाय."

या गोष्टीला आता बारा-तेरा वर्षं झाली. पण त्यानंतर मुलानं पिशवीतून काढलेला तो घडी पडलेला केसपेपर मला अजून दिसतो. अक्षर माझं होतं. ग्लिमेपिराइडची गोळी, रोज सकाळी एक. त्याखाली मराठीत, वर रेघ मारून, मीच लिहिलं होतं: 'गोळी एकही दिवस चुकवायची नाही.' महिन्याभरापूर्वी त्यांची साखर वाढलेली होती, औषधं अधूनमधून राहतात असं त्यांनी कबूल केलं होतं, आणि मी जरा आवाज चढवून बोललो होतो. आजींनी माझं ऐकलं. आजी म्हणाल्या, "तुमीच सांगितलं व्हतं की सायेब. मी गोळी चुकवली न्हाई. आन एकादसबी चुकवली न्हाई."

ही गोळी काय करते, ते थोडक्यात सांगतो. स्वादुपिंडाला ती इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न येणार आहे की नाही, हे तिला कळत नाही. माणूस जेवला तर वाढलेली साखर खाली येते. जेवला नाही तर आहे तीच साखर खाली येते, आणि मेंदूला साखरेशिवाय फार वेळ निभावता येत नाही. सुरुवातीला घाम, थरथर, छातीत धडधड, जीव घाबरा होणं; मग बोलणं बरळल्यासारखं, मग गुंगी. वयस्कर माणसात आणि मूत्रपिंड थोडं कमजोर असेल तर या गोळीचा अंमल लांबतो. त्या रात्री दोन वाजता आजींची साखर पुन्हा 58 वर आली. म्हणून अशा रुग्णाला शुद्धीवर आल्या आल्या घरी सोडत नाहीत.

हे सगळं मला पाठ होतं. विद्यार्थ्यांना शिकवतही होतो. आजींच्या गळ्यातली माळ मला ओपीडीतसुद्धा दिसली असणार. तिचा आणि माझ्या गोळीचा काही संबंध आहे, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

तेव्हापासून मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाला मी उपवासाबद्दल विचारतो. पहिली काही वर्षं मी चुकीचा प्रश्न विचारत होतो. 'उपवास करता का?' असं विचारलं की बहुतेक जण 'नाही हो, तसं काही नाही' म्हणतात. डॉक्टर रागावतील ही भीती असते, आणि पुष्कळांच्या हिशेबात फराळाचा उपवास म्हणजे उपवासच नसतो. 'उपवास कोणता करता?' असं विचारलं की मग माणूस बोलायला लागतो. आणि आपल्याकडे उपवास या एका शब्दात काय काय मावतं, ते ऐकून मी अनेकदा पेन खाली ठेवलं आहे.

संकष्टीचा उपवास चंद्रोदयाला सुटतो. म्हणजे रात्री नऊ-दहापर्यंत दिवसभर पोटात फारसं काही नाही, आणि मग नैवेद्याचे मोदक. साखर आधी खाली, मग एकदम वर. श्रावणी सोमवार संध्याकाळी सोडतात. हरतालिकेला काही बायका पाण्याचा थेंब घेत नाहीत. नवरात्रात कुणी उठता-बसता, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या दिवशी उपवास करतं, कुणी नऊही दिवस, तर कुणी धान्यफराळ करतं. त्यात भाजलेलं धान्य चालतं. चातुर्मासात एकभुक्त राहणारे आहेत. धारणं-पारणं करणारे आहेत: एक दिवस उपास, एक दिवस जेवण, असे चार महिने. जैन कुटुंबांत पर्युषणात आठ दिवस फक्त उकळलेल्या पाण्यावर, तेही सूर्यास्तापर्यंत, राहणारी माणसं मी पाहिली आहेत. आणि वारकऱ्यांची एकादशी महिन्यातून दोनदा येते. त्यातही कुणाची फराळाची, कुणाची निरंकार. आमच्या आजींची निरंकार होती.

आता यातल्या प्रत्येकाचा गोळीशी हिशेब वेगळा. निरंकार उपवासात साखर कमी होण्याचा धोका. फराळाच्या उपवासात बरेचदा उलटं. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्यात बटाटा, वर रताळ्याचा गोड कीस, दुपारी केळं आणि तीन वेळा साखरेचा चहा. असा उपवास करून दुसऱ्या दिवशी साखर तपासायला आलेले आणि 'काल तर काहीच खाल्लं नाही' म्हणून शपथेवर सांगणारे रुग्ण दर एकादशीनंतर येतात. ते खोटं बोलत नसतात. त्यांच्या दृष्टीनं त्यांनी 'जेवण' केलेलं नसतं. त्यांना 'साबुदाणा बंद' म्हणून काही होत नाही. 'खिचडी अर्धी वाटी, तिच्यात शेंगदाण्याचं कूट जास्त, बरोबर दही किंवा ताक, काकडीची कोशिंबीर, आणि जमेल तेव्हा साबुदाण्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी' असं म्हटलं की सुनेला ते करता येतं. हे सुनेसमोर बोलावं लागतं, कारण स्वयंपाक आजी करत नाहीत. सून म्हणाली, "आत्याबाईंना राजगिऱ्याचे लाडू आवडतात." त्यात गूळ असतो. पुन्हा पाच मिनिटं.

औषधाचं सांगायचं तर, नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्या माणसाची साखर उपवासानं सहसा धोकादायक खाली जात नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन यांचा मात्र डोस किंवा वेळ बदलावी लागते. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्यांच्या बाबतीत निर्जळी उपवास जोखमीचा. हे बदल वाचकांनी स्वतःच्या मनानं करू नयेत. उपवासाच्या आठवडाभर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं, आणि त्यांनी विचारलं नाही तर आपण होऊन सांगावं. साखर 70 च्या खाली गेली तर उपवास तिथंच थांबवायचा, तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची. 300 च्या वर गेली तरी थांबवायचा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतायचं नाही; ते श्वासनलिकेत जातं.

"पण उपवास करूच नका असं सरळ का सांगत नाही?" असं माझे तरुण सहकारी विचारतात. काहींना मी सांगतो. ज्यांना इन्सुलिन दिवसातून तीन-चार वेळा घ्यावं लागतं, ज्यांची साखर अलीकडेच धोकादायक खाली गेली होती, ज्यांचं मूत्रपिंड बिघडलं आहे, ज्या गरोदर आहेत, त्यांना मी हात जोडून नाही म्हणतो. सगळ्यांनाच सरसकट नाही म्हटलं तर काय होतं, तेही मी पाहिलं आहे. माणूस मान डोलावतो, घरी जाऊन उपवास करतो आणि पुढच्या वेळी आपल्याला सांगत नाही. मग ओपीडीत माझ्यासमोर बसलेला मधुमेह एक आणि घरातला मधुमेह दुसरा.

शिवाय उपवासात सूट आहे, हे सांगायचा अधिकार माझा नाही. धर्मशास्त्रात ज्या आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही असं म्हटलं आहे, त्यात पाणी, मुळं, फळं, दूध यांच्याबरोबर औषध आणि गुरूचं वचनही येतं. रमजानच्या बाबतीत कुराणातच आजारी आणि प्रवासी माणसाला सवलत दिलेली आहे. मला हे ठाऊक आहे, पण मी सांगितलं की ते डॉक्टरी कावा वाटतो. त्या आजींच्या गावात कीर्तन करणारे एक बुवा आमच्याकडे रक्तदाब दाखवायला येत. मी त्यांना विनंती केली. त्यांनी आजींना सांगितलं, "माउली, औषध घेताना लागेल तेवढं दूध चालतं, त्यानं व्रत मोडत नाही." माझ्या तीन भेटींत जे झालं नव्हतं, ते त्या एका वाक्यानं झालं.

माझी दुसरी चूक रमजानमधली. 2001 साली 13 देशांतल्या बारा हजारांवर मधुमेही मुस्लिमांचं एक मोठं सर्वेक्षण झालं. त्यात टाइप 2 मधुमेहाचे जवळपास 79 टक्के रुग्ण निदान पंधरा दिवस तरी रोजे ठेवतात असं दिसलं, आणि रमजानमध्ये साखर गंभीररीत्या खाली जाण्याचं प्रमाण टाइप 2 च्या रुग्णांत साडेसात पटींनी वाढलं होतं. हे वाचून मी तयार झालो होतो. सहरीचा डोस किती, इफ्तारचा किती, बोटाला टोचून साखर तपासल्यानं रोजा तुटत नाही, वगैरे. पन्नाशीचे एक गृहस्थ आले. नाव वाचलं आणि मी सुरू झालो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही एवढं समजावलंत, बरं वाटलं. पण अल्सरच्या त्रासामुळे मी सहा वर्षं रोजे ठेवत नाही. माझी अडचण वेगळी आहे. मी रात्रपाळीचा वॉचमन आहे. तुमची सकाळची गोळी मी झोपायच्या वेळी घेतो." त्यांना साखर कमी होऊन घाम यायचा तो दिवसा, झोपेत. मी नावावरून धर्म ओळखला, धर्मावरून उपवास ओळखला आणि माणूस काय काम करतो हे विचारायचं विसरलो.

म्हणून 'सांस्कृतिक संवेदनशीलता' हा जड शब्द मला थोडा खटकतो. तो ऐकला की वाटतं, कुठल्या समाजात काय चालतं, काय चालत नाही याचा एक तक्ता पाठ करायचा आहे. तक्ता मलाही पाठ होता. त्यात रात्रपाळी नव्हती.

या बाबतीत मला सगळ्यात उपयोगी पडलेला लेख 1978 सालचा आहे. आर्थर क्लाइनमन हे अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ, आणि मानववंशशास्त्रज्ञही. तैवानमध्ये त्यांनी बराच काळ काम केलं होतं. डॉक्टर शोधतो तो रोग आणि माणूस भोगतो तो आजार, या दोन गोष्टी वेगळ्या धराव्यात, असं त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं. मराठीला हे नवं नाही. आपण 'रोग' आणि 'दुखणं' हे शब्द कधी एका जागी वापरत नाही. पण क्लाइनमन यांनी रुग्णाला विचारायचे साधे प्रश्नही दिले. आमच्या ओपीडीच्या भाषेत त्यांचं रूप असं होतं: हे कशानं झालं असं तुम्हाला वाटतं? तेव्हाच का सुरू झालं? यामुळे तुमचं काय काय अडलंय? सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?

शेवटचा प्रश्न मी सहसा सोडत नाही. इन्सुलिनला सहा महिने नाही म्हणणाऱ्या एका शेतकऱ्याला तो विचारला. मला वाटत होतं, सुईची भीती असेल. तो म्हणाला, "आमच्या चुलत्याला इन्सुलिन चालू केलं आन दोन महिन्यांत पाय कापला." त्याच्या मनात पाय कापला गेला तो इन्सुलिननं. चुलत्याला इन्सुलिन फार उशिरा मिळालं आणि पायाची जखम आधीपासूनच चिघळलेली होती, हे समजावून सांगायला चार मिनिटं लागली. दुसरी अडचण त्यानं जाताना दारातून सांगितली. घरात फ्रीज नव्हता. उन्हाळ्यात इन्सुलिनची बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या भांड्यात सावलीला ठेवता येते. आज तो इन्सुलिन घेतो.

वेळ कुठून आणायचा, हा खरा प्रश्न, आणि तो खोटा ठरवायची माझी इच्छा नाही. सकाळच्या ओपीडीत दोन डॉक्टर आणि दीडशे केसपेपर असतात. भारतात प्राथमिक उपचारांसाठी डॉक्टर रुग्णाला सरासरी दोनेक मिनिटं देतात, असं 2017 साली वेगवेगळ्या देशांतल्या नोंदी एकत्र करून केलेल्या एका अभ्यासात दिसलं होतं. पण त्या दोन मिनिटांतही आम्ही काय करतो, ते बघण्यासारखं आहे. 1984 साली अमेरिकेत तपासण्यांचं ध्वनिमुद्रण करून अभ्यास झाला. रुग्ण आपली तक्रार सांगायला लागला की सरासरी 18 सेकंदांत डॉक्टर त्याला तोडत होते. 2002 साली स्वित्झर्लंडमध्ये उलटं करून पाहिलं. डॉक्टरांना सांगितलं, रुग्ण आपण होऊन थांबेपर्यंत बोलू नका. रुग्ण सरासरी 92 सेकंद बोलले. दर पाचांतले जवळपास चार जण दोन मिनिटांच्या आत थांबले. तासभर कुणी बोललं नाही. मी स्वतः करून पाहिलं तेव्हा पहिल्या दिवशी ओपीडी चाळीस मिनिटं लांबली आणि औषधाच्या खिडकीवरच्या फार्मासिस्टनं मला दोन शब्द ऐकवले. मग मी हे प्रश्न नव्या रुग्णांसाठी आणि ज्यांची साखर काही केल्या हलत नाही अशांसाठी ठेवले. उरलेलं काम आमच्या सिस्टर करतात, आणि मला वाटतं त्या ते माझ्यापेक्षा बरं करतात. 'सकाळची भाकरी किती वाजता?' हा त्यांचा प्रश्न. शेतमजूर बाई सातला गोळी घेते आणि तिची पहिली भाकरी अकराला असते, हे त्यांनीच शोधून काढलं.

माणसाला धरून दवाखाना कसा बांधावा, याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' ही संस्था सुरू केली तेव्हा तिथल्या आदिवासींना दवाखान्याची भीती वाटते हे त्यांनी ऐकून घेतलं. मोठ्या इमारतीची, पांढऱ्या कपड्यांची, नातेवाइकांना बाहेर काढण्याची भीती. मग शोधग्रामचा दवाखाना गोंड वस्तीसारख्या झोपड्यांचा झाला, नातेवाइकांना राहायची सोय झाली, आणि नाव दंतेश्वरी देवीचं. त्याच भागातल्या दोन गावांत 650 बायकांची तपासणी करून राणीताईंनी 1989 साली 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिलं की 92 टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग आहे, आणि त्यांच्यापैकी फक्त 8 टक्के बायकांची आधी कधी तपासणी झालेली होती. अंगावरून जाणं, कंबर मोडून येणं हे बायका बोलत होत्याच, पण एकमेकींत. त्यांना विचारणारं आणि त्या सांगतील असं कुणी दवाखान्यात बसलेलं नव्हतं.

आता जिथं मी मागे हटत नाही ते. साप चावलेल्या माणसाला आधी भगताकडे नेलं आणि तीन तासांनी आमच्याकडे आणलं, अशा केसेस अजून येतात. लहान बाळाच्या पोटावर तापलेल्या सळईचे चटके दिलेले मी पाहिले आहेत. तिथं 'त्यांची श्रद्धा आहे' म्हणून मी गप्प बसत नाही. साप, कुत्रा, विंचू चावल्यावर उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं महाराष्ट्रात गुन्हा आहे. पण चटके दिलेल्या बाळाच्या आईवर ओरडल्यानं पुढचं बाळ वाचत नाही, हेही मला उशिरा कळलं. तिनं बाळ रडत होतं म्हणून काहीतरी केलं, आणि रात्री दोन वाजता तिच्या पाड्यावर जे उपलब्ध होतं ते केलं. तिच्या सासूला समोर बसवून, बाळाला निमोनिया असेल तर छाती कशी आत ओढली जाते, ते बाळाचा झबला वर करून दाखवावं लागतं. अंगारा लावायचा असेल तर लावा, पण आधी गाडीत बसा, असं मी सांगतो. काही सहकाऱ्यांना हे पटत नाही. अंगाऱ्याला डॉक्टरानं मान्यता दिली असं त्यांना वाटतं. मला गाडी महत्त्वाची वाटते.

त्या आजी अजून येतात. आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत, ऐकू कमी येतं. ग्लिमेपिराइड आम्ही केव्हाच बंद केली होती. मधे साखर फार वाढली म्हणून अगदी कमी डोसवर पुन्हा चालू करावी लागली. गेल्या वर्षी आषाढीच्या आठवडाभर आधी नातवाला घेऊन आल्या.

"एकादस रविवारी हाय सायेब. गोळीचं कसं करू?"

"या वेळी कोणती? निरंकार का?"

"न्हाई. आता जमत न्हाई. दूध घेईन दोन बारीला, आन रातच्याला भगर."

"मग सकाळची गोळी नको. बारशीला उपास सोडताना घ्या. घाम आला, थरथर झाली तर साखर खायची. चालेल ना?"

आजींनी कमरेची चंची काढून माझ्यासमोर सोडली. सुपारीच्या तुकड्यांच्या बाजूला कागदाची एक पुडी होती. "साखर कशाला? ही हाय की खडीसाखर. इठ्ठलाची हाय. उपासाला चालती."

मी केसपेपरवर लिहिलं: एकादशी, सकाळची गोळी नाही. खडीसाखर जवळ आहे. नातवानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि आजी म्हणाल्या, "कार्तिकीचंबी आत्ताच लिव्हून द्या."